पाळी जाते तेव्हा

या विषयावर लिहावं की नाही, हा विचार दोन आठवडे चालला होता. इथे वाचणाऱ्यांत माझे पुतणे आहेत, भाचेजावई आहेत, माझे दोन-तीन जुने विद्यार्थी आहेत. त्यांना अवघडल्यासारखं होईल का? मग म्हटलं, ज्यांच्या घरात पंचेचाळिशीची बायको, बहीण किंवा आई आहे त्या सगळ्यांनीच हे वाचायला हवं. तेव्हा मंडळी, अवघडू नका. मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई आहे. म्हणून हा लेखही इतिहासाचाच आहे. औषधाचं डॉक्टरांना विचारा, मी गोष्ट सांगते.

गोष्ट बाईची पाळी जाण्याची. पुस्तकी भाषेत रजोनिवृत्ती. मला 'निवृत्ती' म्हटलं की पेन्शनची कागदपत्रं आठवतात, पण इथे अर्थ साधा आहे. रज थांबणं. आमच्या लहानपणी हा शब्द घरात कुणी वापरत नसे. पाळी येण्याला मात्र किती शब्द! न्हाण आलं, शहाणी झाली, बाहेरची झाली, कावळा शिवला. आजीच्या काळी तर पहिल्या न्हाणाला मुलीला मखरात बसवून सोहळा करत. पाळी जाण्याला मात्र 'गेली', 'थांबली', 'सुटले एकदाची' एवढंच, आणि तेही हळू आवाजात. आणि ती जाण्याआधीची जी चार-पाच वर्षं असतात, जेव्हा पाळी कधी लवकर, कधी उशिरा, कधी थेंबभर, कधी पुरासारखी येते, त्या काळाला तर आमच्याकडे शब्दच नव्हता. इंग्रजीत हल्ली त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात. माझी भाची हा शब्द सहज बोलते. तिच्या आईने उभ्या आयुष्यात तो ऐकला नव्हता.

या विषयाचं जे मिळेल ते वाचत गेले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. या काळाबद्दल बायका गप्प राहिल्या, त्यामुळे त्याचा अर्थ दर वेळी दुसऱ्या कुणीतरी लावला. कधी धर्माने, कधी वैद्याने, कधी औषध विकणाऱ्याने, तर कधी सुरी चालवणाऱ्याने. ते कसं, ते क्रमाने सांगते.

जुन्या लोकांना पाळी जाण्याचं ज्ञान नव्हतं असं मुळीच नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत साफ लिहिलं आहे की बाराव्या वर्षाच्या सुमारास पाळी सुरू होते आणि पन्नाशीला, शरीर पिकलं की थांबते. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही चाळीस ते पन्नास हेच वय नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांत हा आकडा फारसा हललेला नाही. आज भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास सांगतात, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास.

कुणी म्हणेल, पूर्वी बायका तेवढं जगायच्या कुठे? हा गैरसमज फार पसरलेला आहे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं हे खरं. पण म्हणून लोक बत्तिसाव्या वर्षी मरत नव्हते. मी वर्गात उदाहरण देत असे : दोन मुलांना शून्य आणि दोन मुलांना ऐंशी गुण मिळाले तर सरासरी चाळीस येते, पण चाळीस गुण कुणालाच नसतात. तान्ही मुलं फार जात, म्हणून सरासरी खाली येई. जी बाई बाळंतपणांतून तरली ती पुष्कळदा साठी-सत्तरी पाहायची. प्रत्येक घरात अशी एखादी आजी, आत्या, पणजी असायचीच. तिची पाळी गेलेली असायची, आणि तिने त्याबद्दल कुणाला काही सांगितलेलं नसायचं.

आमच्याकडे या घटनेची खूण होती ती एकाच ठिकाणी, ऋषिपंचमीला. आजच्या पिढीला ऋषिपंचमी म्हणजे ऋषीची भाजी एवढंच ठाऊक. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही म्हणून परसातल्या भाज्या, कंद एकत्र करून ती करतात. (चवीला फार छान लागते, ते सोडा.) पण ते व्रत मुळात कशासाठी? तर पाळीच्या दिवसांत नकळत कशाला शिवाशिव झाली असेल तर त्या दोषाचं निवारण म्हणून. पाळी गेली की पुष्कळ बायका या व्रताचं उद्यापन करत. माझ्या आजीचं उद्यापन झालं तेव्हा आई तिच्याकडे बघून एवढंच म्हणाली होती, "तुम्ही सुटलात." महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं संपलं. देवघर, स्वयंपाक, लोणच्याची बरणी, वारी, सगळं बाराही महिने मोकळं झालं. ज्या नियमाने तिला तीस-पस्तीस वर्षं कोपऱ्यात बसवलं, तोच नियम आता तिला सोवळ्यातलं मानाचं स्थान देत होता. त्यातला अपमान आजीला कळत नसेल असं मला वाटत नाही. पण सुटकेचा आनंद मात्र खराच होता.

हे नुसतं आमच्या घरचं निरीक्षण नाही. मार्शा फ्लिंट नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या ४८३ राजपूत स्त्रियांशी बोलून १९७५ मध्ये एक निबंध छापला. त्यांना आढळलं की पाळीतल्या बदलांखेरीज फारशा तक्रारी या बायका सांगतच नाहीत. पडद्यात आयुष्य काढलेली बाई पाळी गेल्यावर पुरुषांच्या बैठकीत येऊन बसू शकत होती, हसू-बोलू शकत होती. हे वय त्यांना बक्षिसासारखं होतं. मला हा निबंध आवडला, पण एक शंका उरलीच. परक्या देशातून आलेल्या बाईंना आमच्या आयाआज्या रात्रीच्या घामाबद्दल सांगतील? ज्या लेकीला सांगत नव्हत्या त्या?

आता युरोपात जाऊ, कारण 'मेनोपॉज' हा शब्द तिथला. तिथल्या वैद्यांची फार जुनी समजूत अशी की पाळीवाटे शरीरातलं वाईट रक्त बाहेर पडतं. मग पाळी थांबली की ते वाईट रक्त आतच साचणार! म्हणून पन्नाशीच्या बायकांना जळवा लावायच्या, शीर कापून रक्त काढायचं, जुलाब द्यायचे. या वयाला ते 'संकटाचं वय' अशा अर्थाचं नाव देत. फ्रान्समधल्या शार्ल द गार्दान या डॉक्टरने १८१६ मध्ये या वयातल्या बायकांना सल्ला देणारं पुस्तक लिहिलं आणि १८२१ च्या आवृत्तीत 'मेनोपॉज' हा शब्द नावातच घातला. महिना आणि थांबणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांची ही जोड. शब्द नवा होता, समजूत जुनीच.

पुढे लंडनमध्ये एडवर्ड टिल्ट या डॉक्टरने ५०० बायकांच्या नोंदी घेऊन १८५७ मध्ये याच विषयावर मोठं पुस्तक काढलं. त्याला एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं : त्याने बायकांना विचारलं, मोजलं, तक्ते केले. पण त्याच्याकडे येणाऱ्या बायका होत्या आजारी. आजारी बायकांच्या तक्त्यावरून सगळ्याच बायकांचं वय आजाराचं ठरलं. दवाखान्याच्या दारात उभं राहून गावात आजारी किती हे मोजावं, तसंच हे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लक्ष बीजांडकोशाकडे गेलं. १८९० च्या दशकात जनावरांच्या बीजांडकोशांची पूड आणि अर्क या वयातल्या बायकांना देऊन पाहू लागले. मग १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनान्ट या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर बायकांच्या लघवीतून इस्ट्रोन हा इस्ट्रोजेन गटातला हार्मोन वेगळा काढला. म्हणजे बीजांडकोश काय तयार करतो आणि वय झाल्यावर काय कमी पडतं, ते हाती आलं. १९४१-४२ मध्ये कॅनडात आणि अमेरिकेत प्रीमॅरिन नावाची गोळी बाजारात आली. नावाची फोड मला शिक्षिका म्हणून फार आवडली. प्रेग्नंट मेअर्स युरीन, म्हणजे गाभण घोडीचं मूत्र! त्यातूनच ती गोळी करत, आणि नाव ठेवताना त्यांनी ते लपवलंही नाही.

औषध तयार होतं, आता त्याला साजेसा रोग हवा होता. तो दिला न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने. १९६६ मध्ये त्याचं 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक आलं आणि धडाधड खपलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मधुमेहात जशी इन्सुलिनची उणीव असते तशी रजोनिवृत्ती हा इस्ट्रोजेनच्या उणिवेचा रोग आहे, आणि गोळी घेत राहिलं तर बाई कायम बाई राहते. म्हणजे आमच्या आज्या बाई नव्हत्या की काय? विल्सनच्या कामाला हार्मोन बनवणाऱ्या कंपन्यांचे पैसे मिळत होते, ही गोष्ट लोकांसमोर पुष्कळ नंतर आली.

लाखो बायकांनी गोळ्या घेतल्या. वाफा थांबल्या, झोप लागू लागली, हेही खरं. पण १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधनं प्रसिद्ध झाली : नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त दिसतो आहे. तेव्हा गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं औषध द्यायला सुरुवात झाली, आणि खप पुन्हा वाढला. आता तर हृदयविकार टाळण्यासाठीही हीच गोळी घ्या, असं सांगू लागले.

यावर मोठी परीक्षा झाली ती 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकन सरकारी अभ्यासात. १९९१ मध्ये तो हाती घेतला गेला. दोन्ही हार्मोन्स एकत्र देण्याच्या चाचणीत १६,६०८ बायका होत्या. चाचणी पुरी व्हायच्या आधीच, जुलै २००२ मध्ये ती थांबवली. स्तनांचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत जास्त आढळलं होतं. मोठी खळबळ उडाली. बायकांनी गोळ्या टाकून दिल्या, डॉक्टर लिहून द्यायला घाबरू लागले.

पण मथळ्यांच्या खालचे आकडे नीट बघा. स्तनांच्या कॅन्सरची वाढ होती दर दहा हजार बायकांमागे वर्षाला ८. मांडीचं हाड मोडण्याचं प्रमाण ५ ने कमी झालं होतं. आणि चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं त्रेसष्ट! म्हणजे ज्यांची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली अशांवर जे आढळलं ते अठ्ठेचाळिशीच्या, रात्रभर घामाने जाग्या राहणाऱ्या बाईला जसंच्या तसं लावलं गेलं. पुढच्या वर्षांत हे आकडे वयाप्रमाणे पुन्हा तपासले. आता तज्ज्ञ सांगतात की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, फार त्रास होणाऱ्या बाईला, तिला कॅन्सर, गुठळ्या असलं काही झालेलं नसेल तर, हार्मोन्सचा फायदा धोक्यापेक्षा बहुधा जास्त असतो. मात्र म्हातारपण टाळायला म्हणून ते घेऊ नयेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. एकाच गोळीची साठ वर्षांतली ही गत : आधी अमृत, मग विष, आता बेताचं औषध. मधल्या काळात त्या त्या वयाच्या बायकांनी जे सोसायचं ते सोसलं.

या सगळ्यात खुद्द शरीरात काय चालतं, ते बघायला हवं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख अपक्व बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. त्यातली जेमतेम चार-पाचशे आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरतात. चाळिशीनंतर साठा संपत येतो. इथे एक समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. इस्ट्रोजेन नळ बंद केल्यासारखं हळूहळू कमी होत नाही, ते हेलकावे खातं. एखाद्या महिन्यात तरुणपणीपेक्षाही जास्त वर जातं. आणि ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पाळी येते ती धबाधबा. वाफा येतात त्या मेंदूतून. शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र या हेलकाव्यांनी हळवं होतं. जरा उकडलं की ते घाम काढायचा हुकूम सोडतं. त्या केंद्राजवळच्या पेशींवर काम करणारं, हार्मोन नसलेलं एक औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि २०२४ मध्ये त्याच्यावरही यकृताबद्दलचा ठळक इशारा आला. म्हणजे इतिहास पुन्हा तोच धडा देतो आहे. औषध घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून.

या संक्रमणाचे टप्पे नीट आखले गेले तेसुद्धा अगदी अलीकडे, २००१ मध्ये अमेरिकेत भरलेल्या एका तज्ज्ञांच्या बैठकीत. आणि शेवटच्या पाळीची व्याख्या अशी की त्यानंतर सलग बारा महिने पाळी आलेली नसावी. म्हणजे शेवटची पाळी कोणती ते एका वर्षाने कळतं!

मग सगळ्या बायकांना सारखाच त्रास होतो का? नाही. मार्गारेट लॉक या विदुषींनी जपानी बायकांचा अभ्यास करून १९९३ मध्ये पुस्तक लिहिलं. जपानीत या वयाला 'कोनेन्की' म्हणतात, पण वाफांना वेगळा असा शब्द त्यांना सापडला नाही. तिथल्या बायका तक्रार करत ती आखडलेल्या खांद्यांची. अमेरिकेत वेगवेगळ्या वंशांच्या ३,३०२ बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास चालला आहे, त्यात वाफांचा काळ साधारण साडेसात वर्षं निघाला. कृष्णवर्णीय बायकांत दहा वर्षं, जपानी वंशाच्या बायकांत पाचहून कमी. म्हणजे शरीर वेगळं, खाणंपिणं वेगळं, घरातला मान वेगळा, तसा हा काळही वेगळा. जिला त्रास होतो तिला 'मनाचे खेळ आहेत' म्हणू नये, आणि जिला होत नाही तिच्या गळ्यात रोग अडकवू नये.

आता थोडं स्वतःचं. १९९८ मध्ये मी सत्तेचाळीस वर्षांची होते. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की आठ-दहा दिवस. दहावीचा तास घेताना फळ्याकडे तोंड केलं की पाठीवरून घामाची धार लागायची. स्टाफरूममध्ये आम्ही सहाजणी साधारण एकाच वयाच्या. त्या दोन-तीन वर्षांत सगळ्याजणी गडद रंगाच्या साड्या नेसून यायला लागल्या होत्या, आणि एकीनेही दुसरीला कारण विचारलं नाही. शेवटी मला जिना चढवेना तेव्हा डॉक्टरकडे गेले. हिमोग्लोबिन निघालं आठ. डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? म्हटलं, दोन, मोठी झाली. "मग आता पिशवीचा उपयोग काय? पुढच्या आठवड्यात काढून टाकू." किती सहज! जुना हातपंप काढून टाकावा तसं.

आमचे हे म्हणाले, दुसरं मत घेऊ. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी केली, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. गाठ नाही, कॅन्सर नाही. "पाळी जायच्या आधी असं होतं," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ऐकवत होतं. लोहाच्या गोळ्या, काही महिने पाळी आवरणारं औषध, आणि थांबणं. २००० च्या दिवाळीत मला शेवटची पाळी आली. ती शेवटची होती हे २००१ च्या दिवाळीत कळलं.

मी पगारदार बाई, पुण्यात राहणारी, नवरा समजूतदार. दुसरं मत घेणं मला परवडलं. ज्यांना परवडत नाही त्यांचं काय होतं, ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जास्त जायला लागलं की कामाचे दिवस बुडणार. मग खाजगी दवाखान्यात सांगतात की पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. कर्ज काढून ऑपरेशन, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा फडात. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. हे फक्त बीडचं नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकरणांवरून एक डॉक्टर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने राज्यांना विनाकारण पिशव्या काढणं रोखण्यासाठी नियम लागू करायला सांगितलं.

यातली एक बाब पुष्कळ शिकलेल्या घरांतही माहीत नसते. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण बीजांडकोश काम करत राहतात. त्यांच्यासकट काढलं तर मात्र पाच-सहा वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका दिवसात होतं. तिशीतल्या बाईची रजोनिवृत्ती! हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, वाफा जास्त जोराच्या येतात. आमच्या शाळेत स्वच्छतेला येणारी एक बाई अशी होती. तेहेतिसाव्या वर्षी गावाकडे 'पिशवी काढली'. आत नेमकं काय काय काढलं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कागद तिच्याजवळ नव्हता. चाळिशीत ती साठीची दिसायची. कंबर धरूनच झाडायची.

ऑपरेशन वाईटच असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, औषधाने रक्तस्राव थांबत नसेल तर ते जीव वाचवतं. पण 'उपयोग काय' हे त्याचं कारण होऊ शकत नाही. उपयोगाचाच प्रश्न असेल तर ऐका : टांझानियातल्या हाड्झा जमातीत राहून अभ्यास केलेल्या क्रिस्टन हॉक्स या संशोधक बाई १९९० च्या दशकापासून सांगत आहेत की मूल होण्याचं वय सरल्यावरही माणसाची मादी इतकी वर्षं जगते, याचं एक कारण आजी असावं. तिथल्या म्हाताऱ्या बायका कंद खणून आणतात म्हणून नातवंडं जगतात. या मतावर अजून वाद चालू आहे. मला मात्र ते आमच्याकडच्या आज्यांकडे बघून पटतं.

तर माझ्या लेकी-सुनांनो, भाच्यांनो, एवढं करा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहिता, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहिता, तिथेच पाळीची तारीख लिहीत जा. किती दिवस गेली तेही लिहा. चाळिशीनंतर तारखा पुढेमागे होऊ लागल्या तर घाबरू नका. फार जात असेल, थकवा येत असेल तर मात्र तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा, हिमोग्लोबिन तपासा. वर्षभर पाळी बंद राहून मग पुन्हा थेंबभर जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा. ते नेहमीचं नव्हे. पिशवी काढायला सांगितली तर कारण कागदावर लिहून मागा, बीजांडकोश ठेवणार की काढणार ते विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पुरुष मंडळींनी दवाखान्यात सोबत जावं आणि रात्री पंखा वाढवला तर कुरकुर करू नये.

आणि घरात काम करायला येणाऱ्या बाईंनाही हे सांगा. त्यांच्या हातात हा लेख कधी पडणार नाही. तुमच्या तोंडून दोन वाक्यं पडली तरी पुरे.